वस्त्रगाळ तेल

मासिकाच्या वाचकांस, विशेषतः वाचकभगिनींस, आरंभींच एक अभय देणें आम्हांस इष्ट वाटतें. प्रस्तुत लेखाचा विषय जुन्या मोटारसायकलचें एंजिन व त्यांतील तेल गाळण्याची सोय हा असला, तरी तो वाचतांना कोणाचेही हात काळे होणार नाहींत. ज्या घरांत लोणी कढवून तूप गाळतात, सुंठीची पूड वस्त्रगाळ करून बरणींत भरतात, आणि चहाचें गाळणें जागेवर सांपडलें नाहीं म्हणजे सासवासुनांत प्रसंगीं दोन शब्दही होतात, त्या घरास हा विषय परका नाहीं. आम्ही स्वतः तर ह्या शास्त्रांत अगदींच उपरे. आमची विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकची. त्यापलीकडची पुंजी म्हणजे तीर्थरूपांच्या पुढ्यांत बसून केलेलें संस्कृताचें अध्ययन. त्या बळावर सदतीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेतलीं, आणि २०१६ सालीं शाळेचा निरोप घेतला. अशा माणसानें एंजिनाच्या तेलाविषयीं लिहावें, हें वरवर पाहतां अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु ह्या तेलाच्या निमित्तानें आमच्या हातून घरांतील एका निरपराध मुलाचा अपराध घडला, आणि तो उघडपणें सांगितल्यावांचून मनास स्वस्थता नाहीं, म्हणून हा खटाटोप.

आमचें घर वाईचें. एकत्र कुटुंब, एक स्वयंपाकघर. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांस घरांत थोरापोरांपासून सारे दादा म्हणत, ते पाटबंधारे खात्यांत नोकरीस होते. धरणांच्या व कालव्यांच्या कामावर आडवाटेनें जावें लागे, म्हणून त्यांनीं १९७६ सालीं बुलेट मोटारसायकल विकत घेतली. तिचें मूळ घराणें विलायतेंतलें. रेडिच गांवच्या रॉयल एन्फील्ड कारखान्यांतून ३५० बुलेट १९४९ सालीं बाहेर पडली. १९५५ पासून तिची बांधणी मद्रासेस सुरू झाली, आणि पुढें १९६२ च्या सुमारास तिचे सर्व भाग इकडेच घडूं लागले. आमच्या घरीं आली तेव्हां ती पुरती मद्रासी होती, आणि वर्षभरांत पुरती वाईकर झाली. त्या एका वाहनावर आमच्या घराचीं किती कामें झालीं, ह्याची मोजदाद नाहीं. मातोश्रींस भर पावसांत दवाखान्यांत नेलें तें तिच्यावर. वहिनी माहेरीं जाऊन आल्या त्या तिच्यावर. आणि आमच्या नेमणुकीचा कागद आणावयास दादा आम्हांस सातारियास घेऊन गेले तेही तिच्यावरच.

दादांचा एक नेम होता. महिन्याच्या पहिल्या रविवारीं स्नानापूर्वी ते गाडीपाशीं बसत, आणि आम्हीं शेजारीं पितळी ताटली घेऊन बसावें, अशी वहिवाट. जो जो स्क्रू, जी जी चकती निघे, ती ती त्या ताटलींत काढल्या क्रमानें ठेवावयाची व उलट क्रमानें परत द्यावयाची. "एंजिन चालतें पेट्रोलवर, पण जगतें तेलावर," असें ते म्हणत. आम्हांस तेव्हां ह्या वाक्यांतील अनुप्रासाचें कौतुक वाटे. अर्थ पुष्कळ उशिरां कळला.

तो अर्थ वाचकांस थोडक्यांत सांगणें प्राप्त आहे. ह्या एंजिनांत पिस्टन सत्तर मिलिमीटर व्यासाच्या नळींत नव्वद मिलिमीटर वर-खालीं धांवतो. त्याची ही धांव कनेक्टिंग रॉड नांवाच्या दांड्यानें क्रँककडे जाते व तेथें तिचें फिरणें होतें. दांड्याचें खालचें टोक जेथें क्रँकला मिठी मारतें, तेथील बेअरिंग हें सर्वांत नाजूक स्थान. तेथें धातूवर धातु घासत नाहीं. दोहोंच्या मध्यें तेलाचा पापुद्रा असतो, आणि त्या पापुद्र्यावरच सारा भार तोलला जातो. हें तेल एंजिनाच्या पोटांतच, क्रँकच्या मागल्या बाजूस असलेल्या ओतीव कप्प्यांत राहतें. प्रमाण सुमारें सव्वा दोन लिटर. दोन लहान पंप अहोरात्र नव्हे, पण गाडी चालूं असेतोंवर खपत असतात. एक पंप तेल बेअरिंगकडे धाडतो. दुसरा, तळाशीं ठिबकलेलें तेल उचलून पुन्हां कप्प्याकडे लावतो. माघारीचा पंप पाठवणीच्या पंपाहून मुद्दामच अधिक उचलीचा केलेला असतो. कारण येणाऱ्यापेक्षां जाणारें जास्त असलें तरच तळ कोरडा राहतो. घरखर्चाच्या उलट असा हा हिशेब आहे, असें दादा म्हणत.

आतां ह्या तेलांत मळ येतो कोठून? एक तर हवेंतून. पिस्टन जो श्वास घेतो त्याबरोबर रस्त्याची बारीक धूळ आंत जाते. दुसरें, पेट्रोल जळतांना काजळी होते व ती तेलांत उतरते. तिसरें, धातूचे भाग झिजून त्यांचा चुरा पडतो. चौथें, गाडी थोडी चालवून थंड होऊं दिली म्हणजे आंत दंव धरतें व त्याचें पाणी तेलांत मिसळून चिखलासारखा राप जमतो. ह्यांपैकीं धूळ व चुरा हे खरे वैरी. मोजमाप ध्यानांत यावें म्हणून सांगतों: मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, मनुष्याचा केस साधारणतः सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा कित्येक ठिकाणीं अवघा कांहीं मायक्रॉनांचा. म्हणजे जो कण डोळ्यांस दिसतही नाहीं, तोच त्या पापुद्र्यांत अडकून धातूवर चरे ओढतो.

मळ काढण्याच्या रीती आमच्या स्वयंपाकघरांत आहेत तितक्याच यंत्रांतही आहेत. पहिली निवळण्याची. आपल्याकडे गढूळ पाण्याच्या रांजणांत निवळीचें बी उगाळून घालतात व गाळ तळीं बसूं देतात. तसें जुन्या एंजिनांत तेल संथ ठेवून जड मळ खालीं बसूं देत. दुसरी घुसळण्याची. फिरणाऱ्या क्रँकच्या पोकळ भागांतून तेल नेलें म्हणजे जड कण वेगानें बाहेरच्या भिंतीस जाऊन चिकटतात. ट्रायम्फ, बीएसए इत्यादि विलायती जोडसिलिंडर गाड्यांच्या क्रँकमध्यें असा मळ धरण्याचा कप्पा असे, आणि १९८५ सालीं आपल्या देशांत आलेल्या हीरो होंडा सीडी १०० ह्या लहान गाडींतही हीच युक्ति होती. तिसरी लोहचुंबकाची. तळाच्या बुचास चुंबक लावला म्हणजे पोलादाचा चुरा त्यास चिकटतो. मात्र पिस्टनचें ॲल्युमिनियम, बेअरिंगचा मऊ धातु किंवा रस्त्यावरची वाळू त्यास दाद देत नाहीं. चौथी व मुख्य ती गाळण्याची. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड ह्या गृहस्थानें मोटारगाडीच्या तेलासाठीं गाळणें काढलें, तेव्हांपासून मोटारींस ही सोय हळूहळू मिळूं लागली. मोटारसायकलींस ती पुष्कळ उशिरां मिळाली. कित्येक नामांकित विलायती गाड्यांत तेलासाठीं केवळ तारेची जाळी असे, आणि जाळींतून काय जातें व काय अडकतें, हें चहा करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. नॉर्टन कमांडोस डब्याचें बदलतें गाळणें मिळालें तें १९७२ च्या नमुन्यापासून.

आमच्या बुलेटची स्थिति ह्या मानानें बरी. तिच्या उजव्या अंगास, टायमिंग कव्हरांत, एक लहानसें दालन आहे. त्यांत फेल्टाचें, म्हणजे आपल्या जुन्या बुरणुसासारख्या दाबीव लोंकरीचें, नळकांडें बसतें. पाठवणीचें तेल त्या लोंकरींतून पार होऊन मगच बेअरिंगकडे जातें. मात्र एक अट आहे. नळकांड्याच्या टोकाशीं फट राहूं नये म्हणून एक चकती बसवावयाची असते. चकती जागेवर नसेल, तर तेल लोंकरींतून जाण्याचा त्रास कशाला घेतें? तें टोकाच्या फटींतून, मळासकट, सरळ पुढें निघून जातें. बाहेरून कांहींएक कळत नाहीं. गाडी चालते, आवाजही गोड येतो.

२००३ सालीं दादा गेले. पुतण्या तेव्हां अठरा वर्षांचा, पुण्यास शिकत असलेला. गाडी विकावी असें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. तिची देखभाल आपोआप आमच्याकडे आली. दादांचा रविवार आम्हीं चालूं ठेवला. परंतु ताटली धरणारें कोणी उरलें नव्हतें, आणि आमच्या अंगीं त्यांची शिस्त नव्हती. फेल्ट नवें आणावें तर तालुक्याच्या गांवीं लगेच मिळत नसे. तेव्हां तेंच रॉकेलांत धुऊन, पिळून, वाळवून पुन्हां घालावें, ही काटकसर आम्हांस शहाणपणाची वाटे. तेल बदलण्याची मुदतही "अजून काळें कोठें झालें आहे?" ह्या सबबीवर लांबत असे. २००९ च्या उन्हाळ्यांत असेंच फेल्ट धुऊन बसविलें. सर्व आवळून झाल्यावर पाहतों तों ताटलींत एक लहानशी चकती उरलेली. पुन्हां सारें उकलावयाचें तर शिकवणीस मुलें येऊन बसलेलीं. एंजिन चालूं करून पाहिलें, उत्तम चाललें. "जिच्यावांचून अडत नाहीं ती गौण," असा एक स्वयंभू न्याय आम्हीं तेथल्या तेथें रचला, चकती एका रिकाम्या काडेपेटींत ठेवली, आणि विसरलों.

पुढें पुतण्या शिकून अभियंता झाला, वाईजवळच एका कारखान्यांत लागला, व २०१८ च्या पावसाळ्यांत त्यानें वडिलांच्या गाडीकडे लक्ष घातलें. त्याचा पहिला प्रस्ताव असा कीं, फेल्टाऐवजीं त्याच दालनांत बसणारें घडीच्या कागदाचें गाळणें घालावें. आम्हीं तत्काळ विरोध केला. "अरे, ज्यांनीं हें यंत्र घडविलें त्यांस काय अक्कल नव्हती? चाळीस वर्षें गाडी चालली ती काय कागदावर? आणि गरम तेलांत कागद टिकेल तरी कसा?"

पुतण्या शांतपणें म्हणाला, "काका, अक्कल होती, पण त्यांच्यापाशीं त्या काळीं होतें तेंच त्यांनीं वापरलें. हा कागद वहीचा नव्हे, राळ लावून पक्का केलेला असतो. शिवाय तेलही आतां तें राहिलें नाहीं. पूर्वीच्या साध्या तेलांत काजळी तळाशीं बसून राही. आतांच्या तेलांत मळ सुटा ठेवणारीं द्रव्यें असतात. तीं मळाला बसूं देत नाहींत, तरंगत फिरवतात. म्हणून तेल लवकर काळें दिसतें. तें त्याचें काम करीत असतें. पण फिरणारा मळ कोणी तरी अडवायला हवा ना?"

"मग कागद बारीक असल्यानें तेलच अडलें तर? बारीक गाळण्यानें तूप थेंब थेंब पडतें, हें तुझ्या आईस विचार."

"म्हणून तर घड्या, काका. तुमच्या धोतराला निऱ्या असतात. एवढें लांब धोतर चार बोटांच्या रुंदींत मावतें कीं नाहीं? तसा कागद निऱ्या घालून बसविला, कीं लहान जागेंत गाळण्याचा पृष्ठभाग मोठा होतो. वाट बारीक, पण वाटा पुष्कळ."

ही उपमा आम्हांस मनांतून आवडली. परंतु वडीलपणास तसें कबूल करतां येईना. आम्हीं आणखी एक शंका काढली कीं, गाळणेंच लावावयाचें तर पंपाच्या आधीं, टांकीच्या तोंडाशींच कां लावूं नये? त्यावर त्यानें जें सांगितलें तें इतर जुन्या गाड्यांच्या मालकांसही उपयोगी पडेल, म्हणून देतों. पंप तेल रेटण्यांत बळकट असतो, ओढण्यांत दुबळा. त्याच्या ओढीच्या बाजूस बारीक गाळणें ठेवलें, तर थंडीच्या सकाळीं घट्ट झालेलें तेल त्यांतून येत नाहीं, आणि एंजिन उपाशीं राहतें. म्हणून ज्या विलायती गाड्यांची तेलाची टांकी वेगळी असते, त्यांचे मालक नवें गाळणें बहुधा माघारीच्या नळीवर बसवितात. तेथें तें तुंबलें तरी बेअरिंगचें तेल लगोलग तुटत नाहीं. आणि मोटारींच्या गाळण्यांत तर, कागद तुंबला असतां तेलास आडवाटेनें सोडणारी एक झडप असते. कारण मळकें तेल वाईट, पण तेल नसणें त्याहून वाईट. बुलेटची टांकी पोटांतच असल्यानें माघारीची तशी मोकळी नळी हातीं लागत नाहीं. म्हणून मूळच्या दालनाचाच आश्रय करावयाचा, आणि तेल व कागद वेळेवर बदलावयाचे, हाच सरळ मार्ग.

शेवटीं वहिनींनीं "त्याच्या बाबांची गाडी आहे, करूं द्या त्याला," एवढेंच म्हटलें, आणि आमचा विरोध संपला. त्यानें दालन उघडलें तेव्हां आम्ही शेजारीं नव्हतों. रुसून माडीवर बसलों होतों. खालीं त्यानें काय केलें तें मागाहून कळलें. दालन पुसून घेतलें, कागदाचें गाळणें त्याच्या चकत्यांसह बसविलें, तळाच्या बुचास चुंबक लावला, नवें तेल भरलें. मग गाडी घाईनें न पिटाळतां पांच मिनिटें संथ चालूं ठेविली. कारण रिकामें दालन तेलानें भरेपर्यंत पुढें कांहींच पोहोंचत नाहीं. आणि पंप व दालन ह्यांच्या मधला लहान प्लग किंचित् सैल करून, तेथें तेल पाझरतें आहे हें डोळ्यांनीं पाहून, मगच तो पुन्हां आवळला.

त्यानंतर महिनाभरानें, नोव्हेंबरांत, पुतण्या आम्हांस मागें बसवून पांचगणीस निघाला. पसरणीचा घाट अर्धा चढलों असूं-नसूं, तोंच एंजिनाच्या पोटांतून ठोके येऊं लागले; कोणी आंतून हातोडीनें दार वाजवीत आहे असे. पुतण्यानें तत्क्षणीं गाडी बंद केली. आम्ही टेंपोंत गाडी घालून परत आलों, आणि त्या रात्रीं, पानावर बसलेल्या सर्व मंडळींसमक्ष, आम्हीं तोंडास येईल तें बोललों. "चाळीस वर्षें दादांनीं आणि मीं जपलेली वस्तु तूं एका महिन्यांत घालविलीस. कागदानें तेल अडविलें, दुसरें काय! शिकलेल्या माणसाची घमेंड ही अशी असते." पुतण्यानें मान वर केली नाहीं. त्याची बायको वाढतां वाढतां थांबली. वहिनी पानावरून उठल्या नाहींत, पण त्यांनीं पुढें घासही घेतला नाहीं.

मिस्त्री आमचा जुना विद्यार्थी. संस्कृतांत नापास होत असे, पण हातांत विद्या होती. चार दिवसांनीं त्यानें बोलावणें धाडलें. बाकावर क्रँक उकलून ठेवला होता. तो म्हणाला, "गुरुजी, बघा. तेलावांचून जळालेली बेअरिंग निळी पडते, धातु वितळून माखतो. इथें निळेपणा कुठंच नाहीं. इथें नुसते चरे आहेत, गोल गोल, हजारों. ही धुळीनं आणि चुऱ्यानं खाल्लेली आहे. हें एका महिन्याचं काम नाहीं, वर्षानुवर्षांचं आहे." मग त्यानें कागदाचें गाळणें चिरून पसरलें. प्रत्येक घडीच्या तळाशीं चमचमती रेघ होती. "ह्या कागदानं महिनाभर जमेल तेवढं धरलं. पण बेअरिंग आधींच गेली होती. पूर्वीचं फेल्ट आहे का हो कुणाकडं?"

पुतण्या क्षणभर घुटमळला. मग त्यानें पिशवींतून वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें फेल्ट काढलें. मिस्त्रीनें तें उलटेंपालटें केलें. एका टोकास चकतीच्या दाबाचें वळ अजिबात नव्हतें. उलट तेथून काळ्या तेलाची वाट पडलेली स्पष्ट दिसत होती.

"इथली चकती?"

"जुनी गाडी आहे," पुतण्या घाईघाईनें म्हणाला, "झिजून गेली असेल."

"चकती झिजत नाहीं साहेब," मिस्त्री म्हणाला, "चकती राहते."

त्यास कांहींच ठाऊक नव्हतें. तो आपल्या धंद्यांतलें साधें सत्य बोलून गेला. परंतु आम्हांस ती काडेपेटी दिसली, तो उन्हाळा दिसला, शिकवणीस बसलेलीं मुलें दिसलीं. आणि पुतण्याच्या चेहऱ्याकडे पाहतांच दुसरीही गोष्ट कळली: ह्यानें ज्या दिवशीं दालन उघडलें त्याच दिवशीं ह्यास सारें उमगलें होतें. दादांच्या पश्चात् त्या दालनास आमच्यावांचून कोणाचा हात लागला होता? असें असतां त्या रात्रीं पानावर त्यानें सर्वांसमक्ष आमचे शब्द ऐकून घेतले, आणि आतांही, चकती झिजली असें म्हणून, तो आम्हांस झांकूं पाहत होता.

काडेपेटी आमच्या पेटींत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या खालीं, जशीच्या तशी मिळाली. त्या रात्रीं पानें मांडल्यावर आम्हीं ती उघडून चकती सर्वांपुढें ठेवली, आणि घडलें तें सांगितलें. सांगतांना शब्द अडले. जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास स्वतःच्या उत्तरावर लाल रेघ ओढण्याची संवय नसते. मंडळी गप्प राहिली. मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, हें मला ठाऊक होतं. त्यानं मला पहिल्याच दिवशीं सांगितलं, आणि काकांना हें कधीं बोलायचं नाहीं म्हणून वचन घेतलं. म्हणाला, 'बाबांच्या मागं गाडी काकांनींच जिवंत ठेवली. एका चकतीपायीं त्यांना खालीं पाहायला लावूं नये.'" ह्यावर आम्ही काय बोलणार? आम्हीं पुतण्याची क्षमा मागितली. तो उठून पायां पडूं लागला, तेव्हां त्यास हातानें थांबवावें लागलें. त्या रात्रीं पायां पडून घेण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता.

नवी बेअरिंग, क्रँकची पिन व मजुरी ह्यांचा खर्च आम्हीं निवृत्तिवेतनांतून दिला. पुतण्या नको म्हणत होता, परंतु तेवढें तरी आमच्याकडे राहूं दे, असा हट्ट धरला. एंजिन जुळविण्यापूर्वी मिस्त्रीनें तेलाची प्रत्येक वाट रॉकेलानें धुऊन वाऱ्यानें साफ केली. कारण जुना चुरा वाटेंत राहिला तर नवी बेअरिंगही त्याच मार्गानें जावयाची. पहिलें तेल थोड्याच दिवसांत काढून टाकलें, आणि कागदाचें गाळणें चिरून पाहिलें. घड्या काळ्या होत्या, चमक नव्हती. गाडी आज उत्तम चालते.

ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांस अनुभवाचे चार शब्द. गाळणें सुधारावें, अवश्य सुधारावें. परंतु गाळण्यानें घन मळ तेवढा निघतो. तेलांत मिसळलेलें पाणी, पेट्रोल वा आम्लता कोणत्याही कागदानें गाळली जात नाहीं; त्यास उपाय एकच, तेल मुदतींत बदलणें. गाडी काढली तर एंजिन चांगलें तापेतों चालवावी, म्हणजे दंवाचें पाणी वाफ होऊन जाईल. हवेचें गाळणें तेलाच्या गाळण्याइतकेंच महत्त्वाचें. जी धूळ आंत गेलीच नाहीं, ती काढावीही लागत नाहीं. फेल्ट वा कागद धुऊन पुन्हां वापरण्याची काटकसर करूं नये. ती काटकसर आम्हांस किती महाग पडली, तें वर आलेंच आहे. आणि तेल काढतांना तें केवळ टाकून न देतां पांढऱ्या ताटलींत घेऊन उन्हांत पाहावें. वैद्य जशी नाडी पाहतो, तशी ती एंजिनाची परीक्षा होय.

दादांचा रविवार आतां पुन्हां सुरू झाला आहे. पाने चालवितो पुतण्या. आम्ही पितळी ताटली धरून पूर्ववत् शेजारीं बसतों. दालनाची चकती मात्र आमच्याच हातानें बसवावयाची, असा त्याचा आग्रह आहे. सर्व आवळून झालें म्हणजे तो हात पुसतां पुसतां दर वेळीं विचारतो, "काका, ताटलींत कांहीं उरलें का?"

आम्ही ताटली उपडी करून दाखवितों.